थोर देशाचा ऋणी नागरिक

माझ्या मावसबहिणीला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, तेव्हा मी न्यू जर्सीत तिच्याकडेच उतरलो होतो. शपथविधीला बरोबर गेलो. सरकारी इमारतीतला साधा हॉल, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, पुढे झेंडा. दाराशीच एका कर्मचाऱ्याने सगळ्यांकडून ग्रीन कार्डं परत घेतली. ज्या कार्डासाठी ताईने अकरा वर्षं वाट पाहिली, ते टेबलावरच्या गठ्ठ्यात जाऊन पडलं. तिने सवयीने पर्सची चेन लावली, आत जपण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मग उजवा हात वर करून शपथ झाली, राष्ट्राध्यक्षांचा रेकॉर्ड केलेला संदेश झाला, प्रमाणपत्र मिळालं आणि काडीला लावलेला वीतभर झेंडाही.

परतताना गाडीत मुलाच्या शाळेचा विषय निघाला. बसचा थांबा हलवल्यामुळे लहान मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागत होता. शाळा मंडळाच्या बैठकीत रहिवाशांना उठून बोलता येतं. भावजी म्हणाले, "आता तू बोल की." ताई म्हणाली, "नको रे. त्यांनी घरात घेतलं हेच खूप आहे. आपण शेवटी पाहुणेच."

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तिने शंभर प्रश्नोत्तरं तोंडपाठ केली होती. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला एक हक्क सांगा, हा त्यातलाच एक प्रश्न. त्याचं उत्तर ताई झोपेतून उठवलं तरी देईल: भाषणस्वातंत्र्य. हक्क पाठ होता, पण तो आपला आहे असं मात्र तिला वाटत नव्हतं. तिच्यासारखी धीट, स्पष्टवक्ती बाई अशी का बोलली, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

मला जे उत्तर सुचतं ते असं. आपला देश जगावेगळा आहे, त्याच्यासारखा दुसरा नाही, असं जिथे रात्रंदिवस सांगितलं जातं, तिथे नागरिकत्व हे हक्काचं न राहता बक्षीस होतं. देश जितका थोर, तितकं बक्षीस मोठं आणि ते घेणारा तितका ऋणी. ऋणी माणूस हिशेब मागत नाही. त्याला पदोपदी कृतज्ञता सिद्ध करावी लागते, आणि ती कमी पडली असं देणाऱ्याला वाटलं की बक्षीस परत मागितलं जातं. हे सगळं अमेरिकेत इतक्या उघडपणे घडलं आहे की आपण तिथूनच शिकायला हवं, आणि त्या इतिहासात आपली माणसंही आहेत.

डोंगरावरच्या नगराची उपमा अमेरिकन नेत्यांच्या तोंडी सतत असते. ती आली मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे प्युरिटन पुढारी जॉन विन्थ्रॉप यांच्या १६३० च्या प्रवचनातून. त्यांच्या बोलण्यात धाक होता: सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, आपण देवाशी खोटे वागलो तर जगभर आपली छी-थू होईल. साडेतीन शतकांनी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्या नगराला 'झळाळतं' हे विशेषण जोडलं आणि जानेवारी १९८९ च्या निरोपाच्या भाषणातही तेच चित्र रंगवलं. मूळची ताकीद आता प्रशस्तिपत्रासारखी वाचली जाऊ लागली.

पण माझा मुद्दा भाषणांपेक्षा कचेऱ्यांमधला आहे. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिक होण्याची मुभा दिली ती 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना. स्वातंत्र्याचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशाच्या दारावर ही पाटी दीडशेहून अधिक वर्षं राहिली. यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांना आत येता आलं, आशियाई बाहेरच राहिले.

भगतसिंग थिंद हे पंजाबातून गेलेले शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते, १९१८ मध्ये त्यांना सन्मानाने निवृत्त केलं गेलं. गणवेशातल्या या माणसाला नागरिकत्व मिळालं, काही दिवसांत काढून घेतलं, पुन्हा मिळालं, आणि सरकारने त्याविरुद्ध लढवलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. मराठी कानाला हे नाव घरचंच वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते.

थिंद यांच्या वतीने जो युक्तिवाद झाला, तो प्रत्येक सवर्ण मराठी वाचकाने एकदा नीट वाचावा. त्याचा आशय असा: हा माणूस उच्च जातीचा आर्य आहे, त्याचं रक्त शुद्ध आहे. उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळच्या रहिवाशांकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्यांकडे पाहतो. म्हणजे अमेरिकेच्या थोरवीच्या दारातून आत शिरायला आम्ही आमच्या थोरवीची सनद पुढे केली. तुमच्यासारखेच आम्हीही इतरांना खाली लेखतो, म्हणून आम्हाला आपलं म्हणा! या वाक्यापाशी मला दरवेळी थांबावं लागतं. मला लाज वाटते, आणि ती लाज शंभर वर्षांपूर्वीच्या वकिलांपुरती नाही. परदेशातल्या बैठकांमध्ये 'आपण बाकीच्या स्थलांतरितांसारखे नाही' हे वाक्य मी आजही ऐकतो.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला, तोही एकमताने. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू तसा नाहीस. थिंद त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे कॉकेशियन ठरत होते, तेव्हा न्यायालयाने शास्त्र बाजूला सारलं आणि म्हटलं की 'गोरा' या शब्दाचा अर्थ सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे घ्यायचा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते.

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची प्रकरणं उकरून काढली. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगई १९१५ मध्ये बायकोमुलांसह तिथे गेले होते आणि १९२१ मध्ये नागरिक झाले होते. त्यांचं नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मालमत्ता ठेवता येईना, आणि भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. वृत्तपत्रासाठी ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं की सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे. इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी आणि मागचे पूल जळालेले. ज्याने देशावर जीव लावला, त्याच्याकडून देशाने बक्षीस परत मागितलं होतं.

पंडितांवरही खटला झाला. यावेळी मात्र त्यांनी आर्य रक्ताची गोष्ट काढली नाही. न्यायालयाने मला रीतसर नागरिक केलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या निर्णयावर विसंबून मी वकील झालो, लग्न केलं, घर घेतलं. आता संपलेलं प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि इतर भारतीयांवरच्या कारवायाही थंडावल्या. उच्च कुळाचा गौरवशाली दावा हरला. एकदा लागलेला निकाल तुमच्या सोयीने फिरवता येत नाही, हा वकिलीतला रुक्ष नियम जिंकला. रुक्ष नियमाला माणसाचं कूळ विचारायचं नसतं. थिंद यांना अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं तेही महायुद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या एका कायद्यामुळे.

आज अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळतं, तेही अशाच एका नियमामुळे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने सांगितलं होतं की काळा माणूस, मुक्त असला तरी, या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यानंतर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली: इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याखाली असलेला तो इथला नागरिक. पुढे वाँग किम आर्क नावाचा, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला चिनी आचारी चीनला जाऊन परतला, तर १८९५ मध्ये तू नागरिक नाहीस म्हणून त्याला बंदरावरच अडवलं. तो न्यायालयात लढला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये बारशाचे पेढे वाटले जातात तेव्हा त्या बाळाच्या नागरिकत्वामागे गुलामीतून सुटलेली काळी माणसं आणि एक चिनी आचारी उभा असतो.

२० जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा कायमचे रहिवासी नसतील, तर बाळ नागरिक नाही. एच-१बी या तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करणारी आपली कितीतरी जोडपी त्यात येतात. ग्रीन कार्डांच्या वाटपात दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने ती ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. आदेश लागू व्हायचा होता तीस दिवसांनी, १९ फेब्रुवारीला. हीच तारीख थिंद निकालाची. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडण्याचा आदेश निघाला तोही याच तारखेला, आणि त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. आपल्याकडे त्या दिवशी शिवजयंती असते, म्हणून तारीख डोक्यात बसली आहे. खालच्या न्यायालयांनी आदेश लगेच रोखला. पण त्या काही दिवसांत गर्भवती भारतीय स्त्रिया मुदतीआधी सिझेरियन करून घेता येईल का असं डॉक्टरांना विचारत असल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांत आल्या. बक्षीस मुदतीत घ्यायचं, म्हणून बाळाला वेळेआधी जगात आणायचं. ही त्या आयांची चूक नाही. त्यांना तिथवर कोणी आणलं ते पाहायला हवं.

थोरवीची भाषा जन्माने नागरिक असलेल्यांनाही सोडत नाही. जुलै २०१९ मध्ये ट्रम्प यांनी चार महिला लोकप्रतिनिधींना आपल्या मूळ देशात परत जा असं सुनावलं. त्या चौघींपैकी तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या देशाच्या धोरणांवर टीका करत होत्या. आपल्याकडे याच जागी 'पाकिस्तानात जा' म्हणतात. दोन्हींमागचा समज एक: घर आमचं, तुम्ही राहायला आलेले, मग तुमच्या दहा पिढ्या इथल्या मातीत का मिसळलेल्या असेनात.

इथे मला कोणी विचारेल की मग देशाचा अभिमान बाळगूच नये का? रायगडावर गेलं की माझाही ऊर भरून येतो, तो भरून येऊ नये असं मला वाटत नाही. थोरवीची भाषा बोलूनही माणूस हक्काने उभा राहू शकतो. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशाच्या संस्थापकांच्या भव्य शब्दांना वचनचिठ्ठी म्हटलं. काळ्या माणसाच्या हाती त्या चिठ्ठीपोटी न वटणारा धनादेश ठेवला गेला, 'पुरेशी शिल्लक नाही' असा शेरा मारलेला, आणि आम्ही तो वटवायला आलो आहोत, असं ते म्हणाले. शब्द तेच, देशाच्या महान वचनाचे. पण किंग यांच्या हिशेबात कर्जदार देश होता आणि नागरिक धनको. कुठलाही नेता देशाची महती गाऊ लागला की मी आता हेच पाहतो: यांच्या वहीत देणेकरी म्हणून कोणाचं नाव लिहिलं आहे?

आपल्या वहीतली नोंद मला अस्वस्थ करते. २९ एप्रिल १९४७ रोजी संविधान सभेत नागरिकत्वावर बोलताना सरदार पटेल म्हणाले होते की राष्ट्रीयत्वाच्या कल्पना दोन, एक व्यापक आणि एक संकुचित. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तिथलं नागरिकत्व मागतो, तेव्हा इथे संकुचित दृष्टी धरणं आपल्याला शोभणार नाही. त्यानुसार १९५५ च्या कायद्याने इथे जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाला नागरिक मानलं. १९८६ च्या दुरुस्तीने आईवडिलांपैकी एकजण भारतीय असण्याची अट घातली. २००३ च्या दुरुस्तीने दुसराही बेकायदा स्थलांतरित नसावा असं ठरवलं. ट्रम्प यांच्या आदेशावर आपण संतापलो ते रास्तच. पण आपल्या कायद्यातली ही वाट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? दिल्लीत सरकारं कोणत्या पक्षांची होती याने फरक पडला नाही, दार दोन्ही वेळा थोडं थोडं लोटलंच गेलं.

त्याच सुमारास भाषा मात्र फुगत गेली. विश्वगुरू, लोकशाहीची जननी. मूलभूत कर्तव्यं राज्यघटनेत आली ती १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने. आणीबाणी होती, हक्क निलंबित होते, आणि नागरिकाला त्याची कर्तव्यं वाचून दाखवली जात होती. जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले की गेल्या ७५ वर्षांत आपण हक्कांचीच भाषा बोलत राहिलो आणि त्यात वेळ गेला. कर्तव्याबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण कर्तव्याचा पाढा नेहमी त्यालाच म्हणायला लावतात ज्याचा हक्क अजून पोहोचलेला नसतो, हे मी माझ्या तालुक्यात रोज पाहतो.

आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली, १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात सैन्यात तीस वर्षं नोकरी केलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला परदेशी ठरवून स्थानबद्ध केलं गेलं, उच्च न्यायालयाने जामिनावर सोडेपर्यंत. थिंद यांचा गणवेश आठवला. ३१ ऑगस्ट ही तारीख आपल्या भटक्या-विमुक्तांचीही आहे. माणसाला जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ मध्ये त्या दिवशी रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन.

तरीही आपल्याकडे एक निकाल असा आहे की त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान ती सांगतं, आपलं संविधान ती आचरतं, तिला पातळ करू नका. परंपरेचा गौरव यातही आहेच, पण तो तीन मुलांना शाळेत परत घेण्यासाठी कामी आला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी एक अमेरिकन किस्सा सांगितला होता. तिथल्या एका चर्चने प्रार्थनेत 'हे प्रभो, आमच्या राष्ट्रावर कृपा कर' असे शब्द घालायचं ठरवलं, तर लोकांनीच हरकत घेतली की राष्ट्र म्हणजे आम्ही एक आहोत असं फारच ठाम बोलणं झालं. शेवटी 'या संयुक्त संस्थानांवर' असा बदल झाला. बाबासाहेबांनी पुढे सांगितलं की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील? सामाजिक आणि मानसिक अर्थाने आपण अजून राष्ट्र नाही, हे जितक्या लवकर उमजेल तितकं बरं. स्वातंत्र्याला जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती आणि घटनेचा मसुदा करणारा माणूस टाळ्यांच्या वेळी हे बोलत होता. कारण राष्ट्र आधीच महान आहे असं मानलं, की ते घडवण्याचं काम उरत नाही आणि ज्यांना त्यात अजून जागा मिळालेली नाही त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे कुरकूर ठरते.

गेल्या पावसाळ्यात एका सरकारी कचेरीत माझं काम होतं. माझ्या पुढे गोपाळ या भटक्या समाजातली एक बाई, मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायला आलेली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पावसापासून वाचवलेले. टेबलामागून सांगितलं गेलं, २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आणा. ती म्हणाली, "साहेब, आमचं पाल आज या गावाला, उद्या त्या गावाला. वास्तव्य कुठलं दाखवू?" उत्तर आलं, "ते मी काय सांगू? बघू, काही करता आलं तर. उपकारच समजा." तिने हात जोडले. तिच्या शेजारी मुलगी उभी होती, सतरा-अठरा वर्षांची. तिने आईचे जोडलेले हात हळूच खाली घेतले, पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला, पुरावा नसेल तर गृहचौकशी करून दाखला द्यावा असं सांगणारा शासन निर्णय, आणि टेबलावर पसरून त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, हे वाचा," ती म्हणाली.